टिकेकरांच्या अडचणी

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गोपीनाथ टिकेकरांनी नव्या संगणकासमोर खुर्ची ओढली, एक कोरा फुलस्केप कागद काढला, त्यावर ‘अडचणी’ असं लिहून खाली दुहेरी रेघ मारली आणि समासात एकपासून वीसपर्यंत आकडे घातले. वीस पुरतील की नाही याची शंका होती, म्हणून आणखी एक कागद पेपरवेटखाली तयार ठेवला.

“काका, काही अडलं तर फोन करा,” संगणक विभागातला सुभाष देवस्थळी निघता निघता म्हणाला.

“अडणारच आहे,” टिकेकर समाधानानं म्हणाले. “तुम्ही जागेवरच राहा.”

कारखान्यातले सगळे संगणक आता नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जायचे होते. ती सिस्टिम काय काय करते हे पिपलानीपासून बरखेड्यापर्यंत अख्ख्या टाउनशिपला ठाऊक होतं. ती फायली गिळते. दुपारी दोननंतर गोठते. कुणाच्या तरी मेहुण्याच्या लग्नाचे फोटो तिनं असे पुसून टाकले की बिचाऱ्या नवराबायकोला पुन्हा हार घालून उभं राहावं लागलं. भाजीबाजारात मेथीची जुडी उलटसुलट करतानाही बायका तिच्याबद्दल हळहळत. युनियनचे सेक्रेटरी काशिनाथ तिवारी यांनी विरोधाचा अर्ज दिला. त्रेसष्ट जणांनी सह्या केल्या. मसुदा अर्थातच टिकेकरांचा होता. जनरल मॅनेजरनी त्यावर हिरव्या शाईत एकच ओळ लिहून तो परत पाठवला: सही करणाऱ्यांपैकी ही कुणी वापरली आहे का?

कुणीच वापरली नव्हती. शेवटी ठरलं, टिकेकरांनी ती आठवडाभर वापरावी आणि अडचणी लेखी द्याव्यात. अडचणी खऱ्या निघाल्या तर जुनीच राहील.

टिकेकरांना ती जुनीच राहायला हवी होती. चौऱ्याहत्तर साली साताऱ्याहून ते इथं आले, आणि तेव्हापासून पत्रव्यवहार विभागात कुठलं पत्र कुठं आहे हे फक्त त्यांना माहीत असे. आधी कपाटांत, मग संगणकात. फोल्डरमध्ये फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक, आणि नावं अशी की त्यांची त्यांनाच कळावीत. जुनं पत्र हवं असलं की माणसं त्यांच्या टेबलाशी येत, स्टुलावर टेकत, चहा येई. पत्र सापडेपर्यंत मुलीचं स्थळ, गुडघ्याचं दुखणं, साहेबाची बदली, सगळं बोलून होई. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती अशीच जावीत एवढीच त्यांची इच्छा होती.

सोमवारी दुपारी दोन वाजता ते हाताची घडी घालून सिस्टिम गोठण्याची वाट बघत बसले. ती गोठली नाही. मग त्यांनी पहिली अडचण लिहिली: ‘पडदा नको तेवढा निळा आहे.’ दुसरी लिहिली: ‘काही करू गेलं की परवानगी विचारते.’ त्यावर थोडा वेळ विचार केला. तेहतीस वर्षांत कारखान्यात त्यांना कुणी एकदाही परवानगी विचारली नव्हती. त्यांनी दुसरी अडचण खोडली.

मंगळवारी तिसरी सापडली नाही.

बुधवारी खरेदी विभागातून लीला मोघ्यांचा फोन आला. लीलाबाई ग्वाल्हेरच्या, बोलताना त्यांचं मराठी मधेच हिंदीच्या गल्लीत शिरून परत येई.

“टिकेकरजी, मंडीदीपच्या त्या पार्टीला आपण गॅस्केटबद्दल लिहिलं होतं ना? नव्व्याण्णवमध्ये की कधीतरी. जरा बघता का? साहेब सकाळपासून डोकं खातायत.”

“बघतो,” टिकेकर म्हणाले. कोपऱ्यातली शोधायची चौकट त्यांनी अडचण म्हणूनच उघडली. ‘गॅस्केट’ची इंग्रजी अक्षरं टाकायला घेतली. पाचवं अक्षर पडायच्या आत पत्र समोर उभं! फायलीच्या नावात गॅस्केटचा उल्लेखही नव्हता. सिस्टिमनं पत्राच्या पोटात शिरून, तिसऱ्या परिच्छेदातून तो शब्द हुडकून आणला होता.

टिकेकरांनी आधी मागं वळून पाहिलं. कुणी बघत नव्हतं.

“लीलाबाई,” ते फोनवर म्हणाले, “दहाएक मिनिटं लागतील.”

मग त्यांनी फोन ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन ते दहा मिनिटं त्या पत्राकडे बघत बसले.

त्या संध्याकाळी रत्नप्रभाबाईंनी ताटातली अर्धी पोळी तशीच राहिलेली पाहिली.

“बिघडला वाटतं तुमचा तो नवा?”

“नाही.”

“फायली गेल्या?”

“सगळ्या आहेत. ज्या कुठं ठेवल्या ते मी विसरलो होतो, त्यासुद्धा निघाल्या.”

“मग झालं काय?”

“हेच झालं,” टिकेकर म्हणाले आणि हात धुवायला उठले.

शनिवारी सकाळी ते कागद पुढ्यात घेऊन बराच वेळ बसले. वीस काय, चाळीस अडचणी लिहिणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांचा मसुदा आजवर कुणी खोडला नव्हता, आणि या वेळी तर तो वाचायलाच त्रेसष्ट माणसं टपलेली होती. पेनाचं टोपण त्यांनी तीनदा काढलं, तीनदा लावलं. पण सही करायची म्हणजे वरचा मजकूर खरा असावा लागतो, ही खोड त्यांना याच टेबलानं लावली होती. त्यांनी निळ्या पडद्याची अडचणही खोडली आणि खाली लिहिलं: ‘सिस्टिम उत्तम आहे. विशेषतः पत्र शोधणे.’ सही केली, तारीख घातली, आणि कागद कुणाच्या हाती न देता स्वतः वर जनरल मॅनेजरकडे नेऊन दिला.

कँटीनमध्ये बातमी त्यांच्या आधी पोचली होती. काशिनाथ तिवारी समोसा हातात तसाच धरून त्यांच्यापाशी आले.

“टिकेकर साब, सच बताइए. ऊपर से दबाव आया ना?”

“नहीं भई. अच्छी है. सचमुच अच्छी है.”

तिवारींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागच्या टेबलाकडे वळून हळूच म्हणाले, “देखा? बेचारे को बोलने भी नहीं दे रहे.”

महिनाभरात ती सिस्टिम सगळीकडे बसली. ती फायली गिळते हे सगळ्यांचं मत होतं तसंच राहिलं. प्रत्येकाचा स्वतःचा संगणक तेवढा नीट चालत होता. तो योगायोग समजला जाई. टिकेकरांच्या स्टुलाची गर्दी मात्र ओसरली नाही. उलट वाढली. “मशीनचं काय खरं,” असं म्हणत माणसं येत. टिकेकर त्यांना आधी चहा पाजत, मुलांची चौकशी करत, आणि बोलता बोलता चौकटीत चार अक्षरं टाकत. पंच्याण्णवचं पत्र, एक्याण्णवचा जबाब, सगळं चहा संपायच्या आत हाजिर. टिकेकरांची स्मरणशक्ती या वयात वाढत चालली आहे, असं टाउनशिपबाहेर साकेत नगरला राहणारे लोकसुद्धा म्हणू लागले. टिकेकरांनी दोनदा खुलासा करून पाहिला. तो विनय समजला गेला. तिसऱ्यांदा त्यांनी केला नाही.

मार्चमध्ये एका सकाळी लीलाबाई पंप दुरुस्तीचं एक जुनं पत्र विचारायला आल्या. अर्धा तास बसल्या. मुलगा इंदूरला नोकरीला लागल्यापासून घर कसं खायला उठतं ते त्यांनी सांगितलं, डोळे पुसले, हसल्याही. पत्र निघालं, पण प्रिंटर अडला, म्हणून त्या तशाच गेल्या.

दुपारी टिकेकर प्रत घेऊन स्वतः खरेदी विभागात गेले. लीलाबाई जागेवर नव्हत्या. टेबलावर फाईल उघडी होती आणि तिच्यात सर्वांत वर तेच पत्र लावलेलं होतं. कोपऱ्यात लीलाबाईंच्या अक्षरात शेरा होता, खाली तारीख कालची.

टिकेकरांनी ती तारीख पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी आपली प्रत त्या पत्राच्या खाली, कडा जुळवून, नीट सरकवली.

“टिकेकर साब, कुछ काम था?” शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं.

“नहीं, नहीं,” ते म्हणाले. “लीलाबाई आल्या की सांगा, पत्र सापडायला जरा वेळ लागला.”