क्रौंच छापाचा चहा

ज्या वर्षी बाबांचे गुडघे धरले, त्या वर्षी आमचा चहा घेऊन दाजिएनलूला मी गेले. एकोणीस वर्षांची होते, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की खात्री होती.

याआनमध्ये आमचा चहाचा कारखाना होता. पानं वाफवायची, साच्यात ठोकून विटा करायच्या, त्या बांबूच्या पट्ट्यांत बांधायच्या. मग हमाल त्या पाठीवर घेऊन डोंगरापलीकडे दाजिएनलूला पोचवायचे आणि तिथून तिबेटी व्यापारी याकांवर लादून ल्हासाला न्यायचे. तीन महिन्यांची वाट. प्रत्येक विटेसोबत क्रौंच पक्ष्याचं चित्र असलेला कागद असे. अक्षरओळख नसलेला माणूसही त्या पक्ष्यावरून आमचा चहा ओळखायचा.

तिबेटच्या चहात आम्ही जून, जाड पानं घालत असू, तीही काड्यांसकट. कोवळी पानं गावातल्या गिऱ्हाइकांसाठी. काड्या साच्यात भरताना बाबा खाली बघत म्हणायचे, "कचरा पाठवतो आपण त्यांना. पण तेच मागतात, त्याला मी काय करू?"

मला याची लाज वाटायची. म्हणून कारभार हाती येताच मी सगळ्या काड्या काढायला लावल्या आणि वसंतातली कोवळी पानं भरली. बाबांना सांगितलं नाही. परत येऊन सांगू, खूश होतील, असं ठरवलं.

हमालांचे म्होरके होते छ्यू मामा. त्यांच्या पाठीवरचं ओझं डोक्याच्याही वर जायचं. दमले की ते ओझं खाली टेकत नसत. हातातली कुबडी मागे लावून त्यावर तोलायचे आणि उभ्या उभ्याच श्वास घ्यायचे.

"मामा, या वेळचा माल बघाल तर बघतच राहाल," मी चढावर म्हणाले.

"मला फक्त त्याचं वजन दिसतं गं," ते म्हणाले. "काड्या काढल्यास, पण वजन नाही काढलंस."

अठराव्या दिवशी आम्ही पोचलो. दाजिएनलूत आमचा मुक्काम नेहमी यांगकीताईंच्या वाड्यात असे. तिबेटी व्यापारी त्यांच्याकडेच उतरत, आणि सौदाही त्याच जुळवून देत, कारण तिबेटी आणि आमची, दोन्ही भाषा त्यांच्या जिभेवर होत्या. नोर्झांग नावाचे व्यापारी आमची वाटच बघत होते. तीस वर्षं त्यांच्या घराने आमच्याशिवाय दुसऱ्याचा चहा घेतला नव्हता.

बघणाऱ्यांना भाव कळू नये म्हणून त्यांनी लांब बाहीत माझा हात घेतला, आत बोटं दाबून भाव सांगितला, मी बोटं दाबून होकार दिला. मी नमुन्याची वीट पुढे केली, तर ते हसले आणि यांगकीताईंना काहीतरी म्हणाले.

"ते म्हणतात, क्रौंचाचा गठ्ठा ते कधी उघडून बघत नाहीत," ताईंनी सांगितलं. "त्यांच्या वडिलांनीही कधी बघितला नाही."

लगेच अंगणात शिवणारे बसले. याकची ओली कातडी, केस आत करून, चहाच्या गठ्ठ्यांवर ताणून शिवायची. उन्हात ती वाळली की ढोलासारखी घट्ट होते. मग पाऊस असो की बर्फ, आत थेंब जात नाही. ती उघडते ती थेट ल्हासाला.

मी एक वीट यांगकीताईंच्या स्वयंपाकघरासाठी भेट दिली. त्यांनी कौतुकाने वास घेतला. मग त्यांच्या रीतीप्रमाणे चहा उकळत ठेवला. घटकाभर नाही, चांगला अर्धा दिवस. लाकडाच्या उंच नळकांड्यात तो ओतला, मीठ आणि लोणी घातलं आणि घुसळायला लागल्या. बराच वेळ घुसळलं. मग वाटीत ओतून माझ्यापुढे ठेवलं.

वर लोण्याचे थेंब तरंगत होते. खाली पिवळट पाणी. घोट घेतला आणि तोंड आवळलं.

"असाच असतो का हा?" मी विचारलं.

ताई उठल्या. फडताळातली गेल्या वर्षीची, आमचीच, काड्यांची वीट काढून दाखवली आणि तिचा सकाळी उकळलेला काढा घुसळून दिला. तो दाट, तांबूस, गुळगुळीत होता. लोणी त्यात पार मिसळून गेलं होतं. मी वाटी रिकामी केली.

"वर पठारावर काय पिकतं? सातू," ताई म्हणाल्या. "भाजी नाही, फळ नाही. सातूचं पीठ, मांस आणि हा चहा. तुझी कोवळी पानं इतकी उकळली की कडू होतात. ही काडी मात्र उकळू तेवढी गोड होते. बाबांनी नाही सांगितलं?"

बाबांना कुठे ठाऊक होतं? दाजिएनलूत ते आमचाच चहा गरम पाण्यात घालून प्यायचे. आम्ही आमच्यासारखीच सगळ्यांची जीभ समजत होतो.

मी अंगणात आले. तीसपैकी बारा गठ्ठे शिवून झाले होते. कडेला छ्यू मामा पाय चोळत बसले होते. त्यांना सगळं सांगितलं.

"ल्हासा तीन महिन्यांवर आहे," ते म्हणाले. "तिथून शिव्या ऐकू येत नाहीत."

"पण पुढच्या वर्षी नोर्झांग क्रौंच उघडून बघतील, मामा."

"मग मला काय विचारतेस? जा की!"

मी गेले आणि शिवणाऱ्याच्या सुईपुढे हात आडवा धरला. तो ओरडला. नोर्झांग धावत आले. मी काय केलं, का केलं, सगळं सांगितलं. यांगकीताईंनी एक शब्द न गाळता त्यांच्या कानावर घातलं.  मग नोर्झांगनी स्वतः सुरीने पहिलं कातडं उसवलं, आणि हसत काहीतरी बोलले.

"म्हणतात, पोरीने आम्हाला राजासारखं जेवायला घातलं, फक्त दात नसलेल्या राजासारखं," ताई म्हणाल्या. "चांगला माल पाठव. दीड महिना थांबतील. याकांना तेवढंच गवत मिळेल."

कोवळा चहा दाजिएनलूतल्या दुकानदारांनी आनंदाने घेतला. ते आमच्यासारखाच पितात. आणि निरोप पाठवून मागवलेला काड्यांचा चहा दीड महिन्याने पोचला, तेव्हा नोर्झांगनी तो न उघडता शिवायला दिला.

घरी मी लोण्याचा गोळा आणि यांगकीताईंनी दिलेलं घुसळायचं नळकांडं नेलं होतं. काड्या अर्धा दिवस उकळल्या, घुसळलं, बाबांच्या हातात वाटी दिली. त्यांनी वास घेऊन नाक मुरडलं. एक घोट घेतला. मग दुसरा.

"हा आपला चहा?"

"आपलाच. तुम्ही तीस वर्षं पाठवत होतात तो."

त्यांनी वाटी पुढे केली. "अजून थोडा दे," म्हणाले. "आणि उद्या मला साच्यापाशी नेऊन बसव. काड्या मी भरतो."