वीस प्रश्नांचा कागद

दुकान उघडायला जाण्याआधी टेलरने बायकोचा कागद भरायला घेतला.

तिच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढून आठ महिने झाले होते. औषध भलतंच महाग, पण सरकारी पैशातून संशोधन चालू होतं म्हणून फुकट मिळायचं. त्याच पैशातून दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाईही बसायच्या. दर महिन्याला पेशंटने वीस प्रश्नांचा कागद भरून द्यायचा; मन खचलेलं दिसलं की त्यांच्याकडे पाठवायचं. पण आपल्याकडे बाईचा कागद बाई भरते होय? नवरा भरतो!

“झोप लागते? लागते. रडू येतं? नाही.”

“अहो, खरं लिहा ना,” भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली. “मला जगावंसंच वाटत नाही.”

“हळू बोल! पोरीच्या लग्नाची बोलणी चाललीत. गाठीचं लोक एक वेळ समजून घेतील. आई वेडी म्हटल्यावर दारात कोण उभं करेल आपल्याला?”

माणूस वाईट नव्हता. तिला टोचू नयेत म्हणून मऊ कापडाचे सैल ब्लाउज त्याने स्वतः शिवले होते. पण लोक काय म्हणतील, या भीतीपुढे त्याने अक्कल गहाण टाकली होती.

दोन महिन्यांनी पोरीला मोरीत गोळ्या सापडल्या. आई त्या गिळतच नव्हती. “कशाला जगवताय मला?” एवढंच ती म्हणाली. तपासणीत कळलं, गाठ परतली होती.

टेलर धावतपळत मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. खोलीला कुलूप.

“त्यांचे पैसे बंद झाले,” नर्स म्हणाली. “तीनशे पेशंटांचे कागद वर तपासले. एकाचंही मन खचलेलं नाही म्हणे. गरज नाही, असा शेरा आला.”

“गरज नाही? सरकारला काळीज आहे की नाही?”

नर्सने त्याचेच दहा कागद पुढे ठेवले. “हे अक्षर सरकारचं आहे का हो, दादा?”

त्याने एकेक कागद उलटून पाहिला. “मग आता?”

“वर्षाअखेर पुन्हा बघतील. तोवर खरे कागद आले तर.”

बाहेर बाकांवर पंधरा-वीस नातेवाईक मांडीवर कागद घेऊन बसले होते. टेलर त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“माझी बायको मनाने खचलीय! मी खोटं लिहिलं. तुम्ही तरी खरं लिहा, पाया पडतो!”

कोणी मान वर केली नाही. एकाने तेवढा हाताने कागद झाकून घेतला, आणि पुढच्या प्रश्नासमोर ‘नाही’ लिहिलं.