तार थांबेपर्यंत

शिल्पा मॅडमचा फोन आला तेव्हा गीतांजली नांदेडच्या आपल्या क्लासात गिटारची तुटलेली तार बदलत होती. शिल्पा मॅडम मुंबईत मालिकांना संगीत पुरवणाऱ्या एका कंपनीत होत्या. कुठल्या प्रसंगाखाली कुठलं संगीत लावायचं, हे त्या ठरवायच्या. तीन आठवड्यांपूर्वी गीतांजलीनं स्वतः बसवलेली एक धून त्यांना पाठवली होती. नाव ठेवलं होतं 'दुपार'.

"धून फार सुंदर आहे," मॅडम म्हणाल्या. गीतांजलीच्या हातातली पक्कड हवेतच राहिली. "पण मला ती लावता येत नाही."

"का हो मॅडम?"

"जागाच नाही तिच्यात. माणसं बोलणार कुठे? सुरुवात संपायलाच पाऊण मिनिट लागतं, तोवर माझा प्रसंग निम्मा झालेला असतो. मग तुमचा तो वेगाचा तुकडा येतो, की बघणारा नटीला सोडून गिटारच ऐकत बसतो. शेवट नुसता विरत जातो, त्यामुळे कुठे तोडू ते कळत नाही. एक जुना प्रसंग पाठवते, त्यात नुसते संवाद आहेत. तो समोर ठेवून सुधारा. आठ दिवस आहेत तुमच्याकडे."

वेगाच्या तुकड्याचं नाव निघालं आणि गीतांजलीचं तोंड उतरलं. तोच तर तिचा अभिमान होता.

ती मूळची उमरीची. वडील लवकर गेले, आई गुणाबाई दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायची. कॉलेजला नांदेडला आल्यावर तिनं गिटार धरली ती सोडलीच नाही. पुढं आठ वर्षं लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं. "आणि आता गिटारवर, गीतांजली!" असं निवेदकानं पुकारलं की लोक खुर्च्या सोडून स्टेजपाशी यायचे. ते ऐकायला यायचे नाहीत. बाई खरंच वाजवते की मागून कॅसेट लावलीय, ते बघायला यायचे. एकदा एका पाहुण्यानं तर वायर कुठं जाते तेही वाकून पाहिलं होतं. तेव्हापासून तिची बोटं पळायला लागली. एवढी पळायला लागली की कुणाला शंका घ्यायला जागाच उरू नये. 'दुपार'मध्येही ती तशीच पळत होती.

दोन दिवस तिनं एकटीनं खटपट केली. सुरुवात कापली, तर धून उघडी वाटली म्हणून खाली दुसरी गिटार भरली. मधला तुकडा काढला, तर त्या जागी तसाच दुसरा आला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं गिटार खोळीत घातली आणि लातूरची एसटी धरली.

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत धोंडप्पांची रेकॉर्डिंगची खोली होती. एके काळी जिल्ह्यातल्या भजनी मंडळांच्या आणि लग्नगीतांच्या कॅसेटी तेच भरायचे. कॅसेटी गेल्या. आता रिक्षांवरून फिरणाऱ्या जाहिराती भरून ते दिवस काढत होते. पण "आवाज कळतो तो धोंडप्पांना," असं ऑर्केस्ट्रातले जुने लोक अजून म्हणत. लोहा, अहमदपूर, चाकूर मागं पडलं. गिटार दोन गुडघ्यांत उभी धरून गीतांजली साडेचार तास बसली होती, आणि सगळा वेळ मनात एकच, की धोंडप्पा तरी म्हणतील, यात काही बदलायचं न्हाई.

धोंडप्पांनी चहा पाजला, मॅडमचं म्हणणं ऐकून घेतलं आणि डोळे मिटून अख्खी 'दुपार' ऐकली. आतल्या दाराकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "अगं ए, जरा इकडं ये बरं."

त्यांची बायको रुक्मिणबाई सुपात तुरीची डाळ घेऊन बाहेर आली. "काय आता? डाळ निवडून राहिले ना मी."

"निवड की. इथं बसून निवड. मालिका बग."

मॅडमनी पाठवलेला प्रसंग त्यांनी पडद्यावर लावला. बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला बाप मुलीच्या दारात येऊन उभा राहतो. मुलगी त्याला ओळखते, पण बोलत नाही. तो पाणी मागतो. बस, एवढंच. धोंडप्पांनी त्याखाली गीतांजलीची धून सोडली.

रुक्मिणबाईची बोटं सुपात फिरत होती. खडा सापडला की ती तो बाजूला टाकायची, मधूनच पडद्याकडं बघायची. अर्ध्यात येऊन ती वैतागली. "काय म्हनला वं त्यो म्हातारा? त्या वाजंत्रीत काय बी ऐकू येईना. आवाज कमी करा की."

गीतांजलीचे कान तापले.

"तुला न्हाई म्हनली ती," रुक्मिणबाई सूप घेऊन आत गेल्यावर धोंडप्पा हळूच म्हणाले. "तिला तर वाजवनारी तू हायस हेच ठाव न्हाई. बस आता. खोळीतनं गिटार काढ. पडद्यावर बग आन् वाजव. त्यातल्या कुनाचं बी तोंड उगडलं की तू गप."

ती वाजवायला लागली. बाप दारात आला. तिनं चार स्वर वाजवले, तेवढ्यात त्यानं तोंड उघडलं. ती थांबली. थांबल्याबरोबर बोटं शिवशिवायला लागली आणि संवाद संपायच्या आतच पळाली.

"थांब," धोंडप्पा म्हणाले. "पुन्ना."

पुन्हा तेच झालं. पाचव्या वेळी तिनं गिटार मांडीवर आडवी टाकली. "काका, हे काय वाजवणं झालं का? चार स्वर आन् गप. लोक म्हणतील हिला येतच न्हाई."

"कोन लोक?"

"लोक म्हणजे... बघणारे."

"कुनाला बगनारे?" धोंडप्पांनी पडद्याकडं बोट केलं. "ते त्या पोरीला बगतेत. तिच्या बापाला बगतेत. तुजे हात कोन बगायलंय तिथं?"

खोलीच्या भिंतींना आवाज शोषायला जुन्या गाद्या ठोकलेल्या होत्या. त्या खोलीत कुणी गप्प बसलं की ती शांतता कानाला जाणवायची. गीतांजलीनं पडद्याकडं पाहिलं. तिथं तिचे हात कुणी बघणार नव्हतं. वायर कुठं जाते ते वाकून बघणारं कुणी नव्हतं. आधी तिला एकदम कुणी अंगावरची शाल ओढून घेतल्यासारखं वाटलं. मग सावकाश, खांदे खाली आले. ते इतकी वर्षं वर ताणलेले होते हे तिला तेव्हाच कळलं.

"एक कर," धोंडप्पा म्हणाले. "आता प्रसंग राहू दे. सगळ्यात जाड तार एकदाच वाजव. मंग ती पूर्ण थांबस्तोवर दुसऱ्या कशाला हात लावू नको."

तिनं तार छेडली. पाच सेकंद झाले. एरवी एवढ्यात तिनं वीस स्वर वाजवले असते. दहा झाले. स्वर आता मोठा राहिला नव्हता, पण संपलाही नव्हता, आत आत जात होता. आणि मग तिला ते ऐकू आलं. जाड तारेसोबत दुसऱ्याही दोन तारा गुंजत होत्या. त्यांना तिनं बोट लावलं नव्हतं. तिनं वाकून पाहिलं, तर सगळ्यात बारीक तार खरोखर थरथरत होती, एकटीच, कुणी न छेडता. लाकूड तिच्या बरगड्यांना लागून हलकं हलकं हलत होतं. मग जाड तार थांबली. बारीक तार तिच्यानंतर थोडा वेळ चालली. मग तीही थांबली.

तेरा वर्षं गीतांजली गिटार वाजवत होती, आणि एकही तार तिनं शेवटपर्यंत ऐकली नव्हती. प्रत्येक वेळी पुढचा स्वर घाई करून तिच्या अंगावर जाऊन पडला होता. हे सगळं रोज तिच्या छातीशी चाललं होतं आणि तिला पत्ता नव्हता.

"काका," ती म्हणाली. तिनं पुन्हा तीच जाड तार छेडली.

"हाव," धोंडप्पा म्हणाले. "मला बी पैल्यांदा ऐकलं तवा असंच झाल्तं. एका एकतारीवाल्या बाईचं रेकॉर्डिंग होतं. मशीन बंद करायचंच इसरलो मी."

दुपारभर ते बसले. सुरुवात गेली. आता पहिल्या क्षणीच एक स्वर होता आणि त्यानंतर वाट पाहणं होतं. मधला वेगाचा तुकडा गेला. त्यातले तीनच स्वर ठेवले, बाप पाणी मागतो त्याच्या अलीकडं दोन आणि पलीकडं एक. शेवटी विरत जाण्याऐवजी जाड तारेचा एकच ठोका, नेमका, आणि मग तार थांबेपर्यंत काही नाही. चढत्या स्वरावर जाताना बोट तारेवरून सरकल्याचा बारीक आवाज आला होता. गीतांजली तो पुसायला निघाली. धोंडप्पांनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. मानूस हाय म्हनून कळतंय."

चारच्या सुमाराला पुन्हा हाक गेली. रुक्मिणबाई कुरकुरतच आली, सूप मांडीवर घेतलं. प्रसंग सुरू झाला.

बाप दारात आला. सुपात बोटं फिरत होती. मुलीनं वर पाहिलं. पहिला स्वर आला, राहिला. बोटं फिरत होती. बापानं मान खाली घातली आणि पाणी मागितलं. त्याच्या मागून तो एकटा स्वर आला.

रुक्मिणबाईचा हात थांबला. चिमटीत एक खडा होता, तो तसाच राहिला. तोंड थोडं उघडं, डोळे पडद्यावर. गीतांजली मालिकेकडं बघतच नव्हती, ती त्या हाताकडं बघत होती. आपण एका स्वरानं एका बाईचा हात धरून ठेवलाय, आणि त्या बाईला ते माहीत नाही, या विचारानं तिला श्वास घ्यायची भीती वाटली.

शेवटचा ठोका पडला. तार थांबली. प्रसंग तिथंच तुटला.

"आँ?" रुक्मिणबाई भानावर आली. "पानी दिलं का न्हाई तिनं?"

"आमाला बी म्हाईत न्हाई," धोंडप्पा म्हणाले.

"आन् ते वाजवनं कुठं गेलं? काढलं वाटतं. बरं झालं." ती सूप घेऊन आत गेली.

गीतांजली हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणीही आलं.

सुधारलेली धून पाठवल्यावर शिल्पा मॅडमचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. धून घेतली. त्यांनी फक्त थोडी लांब अशी आणखी एक प्रत मागितली, ती तिनं पाठवली. दोन महिने काही नाही, आणि मग एका मंगळवारी निरोप: आज संध्याकाळी साडेसातला, बघा.

ती उमरीला पोचली तोवर गुणाबाईनं गल्लीत सांगून ठेवलं होतं. दहा-बारा माणसं टीव्हीपुढं बसली. शेजारचे किशनमामा तर इस्त्रीचा सदरा घालून आले होते. गीतांजलीला वाटलं होतं, आपली धून कुणाच्या तरी दुःखाखाली लागेल. तसं झालं नाही. मालिकेतली एक पन्नाशीची बाई ओट्यापाशी उभ्या उभ्या, कुकरच्या शिट्टीची वाट बघत, भाजीच्या यादीच्या कागदावर स्वतःचं नाव लिहायचा सराव करत होती. चोरून. कुणाची चाहूल लागली की पदराखाली कागद. तिच्याखाली 'दुपार' वाजत होती. अक्षर चुकलं, स्वर थांबला. तिनं पुन्हा लिहिलं.

ही बाई गीतांजलीला कधीच सुचली नसती. धून मात्र जणू तिलाच ओळखत होती. आपल्या हातून निघालेली चीज आपल्यापेक्षा पुढं जाऊन बसलीय, असं तिला वाटलं आणि ती नुसती बघत राहिली.

जाड तारेचा ठोका पडला. जाहिरात लागली.

"कवा लागनार गं गिटार?" किशनमामांनी विचारलं.

"झालं मामा."

"झालं? कवा? मी तर डोळं बी मिटलं न्हाईत!"

सगळे हसले. कुणी म्हणालं, पुन्हा दाखवतील का? कुणी मोबाईलवर शोधायला लागलं. पदराचं टोक हातात धरून गुणाबाई अजून पडद्याकडंच बघत होती.

"तुला आलं का गं ऐकू?" गीतांजलीनं तिच्या कानाशी विचारलं.

"गिटार न्हाई बाई ऐकली," गुणाबाई म्हणाली. "मला वाटलं, ती बाई मनात काय तरी म्हनून ऱ्हायली." मग तिनं लेकीला कोपरानं ढोसलं. "बस गप. जाहिरात संपून राहिली. तिचं नाव पुरं झालं का ते बगू दे."