भिंतीवरच्या दोन सावल्या

मुलांच्या दवाखान्यातल्या एका खोलीची भिंत रंगवायचं काम नवराबायकोला मिळालं होतं. तो चित्रं काढायचा, ती रंग कालवायची. भिंतीवर समुद्र हवा होता. दिवे मालवले की मासे आपोआप उजळले पाहिजेत. असा रंग आधी उजेड पितो आणि मग अंधारात देतो. त्याला कोणत्या दिव्याचा उजेड मानवेल, हे बघायला नवऱ्याने एका दिवेवालीला बोलावलं.

तेव्हापासून बायकोचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खिडक्यांना काळे पडदे, दार लोटलेलं आणि आतून हसणं. घरी हाच माणूस जेवताना मान वर करत नसे.

दुपारी रंगाचा डबा द्यायचं निमित्त करून ती आत शिरली. जांभळा दिवा नुकताच बंद झाला होता. माशांनी गच्च भरलेली सगळी भिंत हिरवट उजळली होती आणि मधोमध दोन काळ्या सावल्या उमटल्या होत्या, गालाला गाल लावलेल्या.

तिने डबा दाणकन खाली ठेवला. "हे काय?"

"आम्ही मध्ये आलो, तेवढ्या जागी उजेड पोचला नाही," नवरा म्हणाला.

"ते कळलं. इतके चिकटून कशाला मध्ये आलात?"

दिवेवालीने एका रंगवलेल्या फळीवरचं काळं कापड काढलं. "ताई, तुम्ही फळीपाशी उभ्या राहा." स्वतः ती पार मागे, दिव्याजवळ थांबली. दिवा लागला, विझला. दोघींमध्ये एवढं अंतर असूनही फळीवर त्यांच्या डोक्यांच्या सावल्या एकमेकींना चिकटलेल्या.

"पटलं?"

"सावलीचं पटलं," बायको म्हणाली. "हसण्याचं नाही."

"अगं, पिवळ्या बल्बने मासे उजळेचनात," नवरा म्हणाला. "तर या म्हणाल्या, तुमचे मासे फार झोपाळू आहेत."

बायकोला हसू आलं. त्याचाच तिला जास्त राग आला.

"मग ठरलं काय?" तिने विचारलं.

"जांभळ्याने रंग पटकन भरतो," दिवेवाली म्हणाली, "पण तो उजेड डोळ्यांना बरा नाही. पांढऱ्या एलईडीला वेळ लागतो."

"मुलांची खोली आहे. पांढराच लावा."

"मासे फिके दिसतील," नवरा कुरकुरला.

"दिसू देत," दिवेवाली म्हणाली. "ताईंचं बरोबर आहे."

हिच्याशी भांडायचीही सोय नव्हती.

पांढरे दिवे लागले. मासे फिकेच, पण सुरेख उजळले. पुढचं काम आलं तेव्हा दिवेवालीला फोन बायकोनेच केला. नवऱ्याने करण्यापेक्षा ते बरं.