व्हय, चालू हाय!

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास मुळीच बसायचा नाही. माझी घंटा वाजली की कराडच्या संगमावरचे बगळे उडायचे ते थेट इस्लामपुरात उतरायचे. हसू नका. साक्षीदार एकच, तो समोर बाजेवर बसलाय. हे भाऊसो. त्यांना कानानं काही ऐकू येत नाही, म्हणून तर मी एवढा मोकळेपणानं बोलतोय.

माझं अंग लोखंडी, रंग लाल. साखर कारखान्यात, ऊस पिळणाऱ्या मिलच्या खांबावर मला बसवलं. मिल चालवायचे भाऊसो. पलीकडे गव्हाणीवर, म्हणजे जिथं ऊस पट्ट्यावर पडतो तिथं, नानासो. "ऊस सोडू का?" "सोड." बोलणं एवढंच, पण माझ्यावाचून साखरेचा दाणा तयार होत नसे. दसऱ्याला पहिला हार मला.

रोलरांच्या खडखडाटात तीस हंगाम काढून भाऊसोंचे कान गेले. हे फक्त मला ठाऊक. घंटेसोबत माझा दिवा लुकलुकला की ते रिसीव्हर उचलायचे आणि पलीकडून कोणी काहीही म्हणो, उत्तर एकच : "व्हय, चालू हाय!" दहांतल्या नऊ वेळा ते बरोबरही निघायचं.

दहाव्या वेळी नानासो ओरडले, "मिल थांबव रं! पट्ट्यावर पहार पडलीया!"

"व्हय, चालू हाय!"

प्रयोगशाळेतल्या त्रिशला मॅडम रसाचा नमुना घ्यायला तिथंच आल्या होत्या. रिसीव्हरमधलं ओरडणं त्यांनी ऐकलं आणि ओरडतच धावत जाऊन लाल बटण दाबलं. पहार रोलरपासून हातभर अंतरावर थांबली.

मॅडमनी नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिलं, "ऐकू येत नाही?" भाऊसोंनी मान खाली घातली.

"ताई, दोनच हंगाम राहिल्यात. कळलं तर घरी बसवतील."

मॅडमनी ती चिठ्ठी फाडून टाकली.

दुसऱ्या दिवशी त्या घशाला मफलर गुंडाळून आल्या आणि कुजबुजल्या, "डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय. सगळ्यांनी मोबाईलवर, ग्रुपमध्ये लिहूनच कळवायचं. काय केलं, तेही लिहायचं."

नानासो म्हणाले, "आवं मॅडम, काल तर तुमचा आवाज गव्हाणीपतुर आला!"

"म्हणूनच बसला."

सुरुवातीला कुरकुर झाली. मग कारखान्याच्या साहेबांना कळलं की कुणी निरोप वाचला आणि कुणी नाही, ते निळ्या खुणांवरून दिसतं. साहेब खूश. नानासोंना आपल्या खिलार बैलाचे फोटो साऱ्या कारखान्याला दाखवता येऊ लागले. त्यांनी तर माझ्याकडे बघायचंच सोडलं. भाऊसोंच्या खिशात मोबाईल थरथरायचा, ते वाचायचे, मिल थांबवायचे आणि लिहायचे, "थांबवली." ग्रुप कशासाठी, असं विचारलं की जो तो सांगे, "काम लवकर होतं." मॅडम मफलर सावरत मान डोलवायच्या.

दोन हंगाम सुखरूप पार पडले. भाऊसोंना शाल मिळाली, मला भंगाराचा ढीग. त्यांनीच मला तिथून उचललं आणि मलकापूरला घरी आणलं.

आता खरी गोष्ट ऐका. मोबाईल आले तरी मी होतोच ना खांबावर? कुणीही फोन केला असता आणि भाऊसोंचं बिंग फुटलं असतं. मी विचार केला, या माणसासाठी आपणच गप्प व्हायला हवं. एका सकाळी मी माझी वायर माझ्या हातानं उपटली. तेव्हापासून मुका आहे. म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, कारण त्यांनी तुमच्यासाठी...

"ए खोटारड्या!" बाजेवरून भाऊसो गरजले. "हात कुठं हायत रं तुला? वायर म्या तोडली, पक्कडीनं! तू तर शेवटपतुर दिवा लुकलुकवत व्हतास!"

माझी तर बोबडीच वळली. "भाऊसो... तुम्हाला ऐकू येतं?"

त्यांनी कानामागचं नवं कोरं मशीन बोटानं नीट बसवलं.

"व्हय, चालू हाय!"