अर्ध्या किलोमीटरवरचं पाणी

जुन्या विद्यार्थिनीचं, मेजर भावना तायडेचं, पत्र येऊन चार महिने उलटले होते, आणि पुंजाजी गुरुजींनी त्याला एका ओळीचंही उत्तर दिलं नव्हतं.

पत्र आफ्रिकेतून आलेलं. तिथल्या शांतिसेनेत भावना जवानांना एक गोष्ट शिकवायची : गावात गेलात की नुसतं मुखियाशी बोलून परत फिरू नका, बायकांनाही विचारा. सरपणाला जाताना कुठल्या वाटेवर जिवाला धोका आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं. ‘नव्या तुकडीला मी तुमचं उदाहरण देणार आहे,’ तिनं लिहिलं होतं. ‘तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावात पाण्याचं सर्वेक्षण तुम्ही घरोघर फिरून केलंत. कसं केलंत, ते लिहून पाठवाल?’

घरोघर फिरले होते, हे खरं. पण प्रत्येक ओट्यावर त्यांनी पुरुषालाच विचारलं होतं. बायामाणसांशी बोलायचं म्हटलं की गुरुजींची जीभ टाळूला चिकटायची. गावातल्या विहिरी खाऱ्या. गोडं पाणी कुठं, तर “हे काय, जवळच,” असं प्रत्येक घरधनी सांगे. गुरुजींनी अर्धा किलोमीटर लिहिलं. पाणी जवळ आहे म्हणून नळयोजना दुसऱ्या गावाला गेली.

हे कळवलं तर भावनाच्या मनातले गुरुजी उरणार नव्हते. न कळवलं तर तिकडचे जवान खोट्या उदाहरणावरून शिकणार होते.

आताच्या अकोल्याच्या घरात त्यांची बायको दुर्गाबाई तूर निवडत बसल्या होत्या. “पोरीले लिहून काहून नाही राहिले?”

“विचार करून राहिलो.”

“जनमभर थेच केलं! पोरगी तिकडं गोळ्यांत उभी, अन् तुमाले इकडं पेनाचा भेव.”

गुरुजींनी खाली पाहत विचारलं, “गावाले असताना गोडं पाणी किती लांब होतं?”

बायकोचा हात सुपातच थांबला. “हे आज विचारता? जाऊन-येऊन सा किलोमीटर. भावनाची माय अन् मी संगच जात होतो. पोरगी बी यायची, हंडा घेऊन.”

“मी तिची गैरहजेरी मांडत होतो.”

“मांडत होते. मले तं घरातच विचारता आलं असतं.”

गुरुजी उठले. त्यांनी लिहिलं : ‘चि. भावना, मी फक्त पुरुषांना विचारलं. माझ्या घरात पाणी भरणाऱ्या बाईलाही विचारलं नाही. तुमच्या गावाला नळ आला नाही आणि तुझी शाळा बुडत राहिली, ती माझ्या चुकीमुळे. जवानांना हे सांग. माझं नाव घेऊन सांग.’

पोस्टातल्या बाईनं शिक्का मारून पाकीट पिशवीत टाकलं, तेव्हा ते परत मागावं असं त्यांना वाटलं. त्यांनी मागितलं नाही.