न कापायचं गवत

काहीही न करण्याबद्दल सरकार पैसे देतं, यावर माझ्या सासऱ्यांचा विश्वासच बसत नाही. ओढ्याकाठचा पट्टा नांगरायचा नाही, फवारायचा नाही, खुशाल रान माजू द्यायचं. पाखरं-मधमाश्या सुखात राहतील आणि आपल्याला दरवर्षी अनुदान मिळेल, अशी ती योजना. अर्ज मीच भरला. नवरा दुधाचा टँकर चालवतो. रविवारी तेवढा घरी येतो, आणि आला की झोपतो. अनुदान मंजूर झालं की टँकर सोडून शेतावर यायचं, असं आमचं ठरलं होतं. थोडक्यात, माझा अख्खा संसार त्या गवतावर उभा होता.

तपासणी अकराला. साडेआठला मी पट्ट्यावर गेले आणि तोंडचं पाणीच पळालं. गवत सफाचट! कडेला भाऱ्यांचा ढीग, आणि शेजारी सासरे, शाबासकीची वाट बघत.

"बाबा, हे काय केलंत?"

"साहेब येणार ना? एवढं रान बघून काय म्हणाले असते? इथे माणसं राहतात की भुतं?"

जन्मभर तण दिसलं की उपटणाऱ्या माणसाला नुसतं 'हात लावू नका' सांगून मी निर्धास्त राहिले, चूक माझीच. पण ती कबूल करायला वेळ कुणाला होता? "सोडा ते भारे," मी ओरडले, "आणि पसरा परत!"

आम्ही दोघं अक्षरशः धावत सुटलो. मी कवेत मावेल तेवढं गवत फेकत होते. मागे वळून बघते तर बाबा एकेक काडी मातीत खोचून उभी करताहेत, तीही सरळ ओळीत!

"ओळीत नको हो बाबा! रान आहे ते!"

"वाकडं लावायला मला येत नाही गं."

मी मटकन खाली बसले आणि हसून हसून माझी मुरकुंडी वळली. बाबाही हसायला लागले. तेवढ्यात समोर गमबूट दिसले. तपासणीच्या मॅडम अर्धा तास आधीच आल्या होत्या.

त्यांनी एक काडी धरली. ती अलगद हातात आली.

"मी कापलं," बाबा पुढे झाले. "सुनेचा काही दोष नाही."

"अहो, वर्षातून एकदा कापायचंच असतं, बी झडल्यावर. नियमांच्या चौथ्या पानावर आहे." मी तीनच पानं वाचली होती. "पण कापलेलं तिथे पडू द्यायचं नाही. रानफुलं दबतात. हे असं पसरलेलं मला पास करता येणार नाही."

आगीतून फुफाट्यात! "आत्ता उचललं तर?" मी विचारलं.

मॅडमनी घड्याळ बघितलं, फाइल दगडावर ठेवली आणि बाह्या सारल्या. "चला, लवकर."

तिघांनी मिळून पट्टा मोकळा केला. मॅडमच्या केसांत कुसळं, बाबांच्या मिशीत कुसळं. दगडावरच सही झाली. मी जवळजवळ नाचतच नवऱ्याला फोन लावला, पण तोंड उघडायच्या आत बाबांनी तो काढून घेतला.

"ये रे घरी," ते म्हणाले.

टँकरच्या चार वर्षांत पोराच्या कामात खोडा नको म्हणून त्यांनी एकदाही 'ये' म्हटलं नव्हतं. फोन माझ्या हातात देऊन बाबा तोंड धुवायला ओढ्यावर गेले, आणि नवरा मला विचारत होता, "बाबाच बोलले ना गं?"